चेंबर नंबर सतरा

चांदसंगवी नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात दिवस सुरू व्हायचा तो तक्रारींनी. मोकाट कुत्री, तुंबलेली नाली, न आलेली घंटागाडी, शेजाऱ्याच्या म्हशीचं शेण. आरोग्य निरीक्षक मोनाली बिडवे सोळा वर्षं हेच ऐकत आली होती. समोरच्याच्या पहिल्या 'हॅलो'वरूनच तिला कळायचं, हे कुत्र्याचं आहे की कचऱ्याचं.

त्या मंगळवारी मात्र फोनवर सरकारी दवाखान्यातली परिचारिका होती.

"मॅडम, वसतिगृहातली ती पायल... पायल राठोड. सकाळी गेली."

पायल दहा वर्षांची होती. तिचे आईवडील ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेले. अशा मजुरांच्या मुलींसाठी गावात एक वसतिगृह होतं. तिथल्या अकरा मुलींना गेल्या पंधरा दिवसांत ताप आला होता. विषमज्वर, म्हणजे मुदतीचा ताप. एके काळी चार गोळ्यांत हटणारा हा आजार आता बहुतेक औषधांना जुमानत नव्हता. दहा मुली सावरत होत्या. पायलच्या आतड्याला भोक पडलं आणि सगळं हाताबाहेर गेलं.

मोनालीनं वसतिगृहाच्या टाकीचं पाणी तीनदा तपासलं होतं. दर वेळी नळीत थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायचं, म्हणजे क्लोरीन पुरेसं. दूध डेअरीचं, तेही तपासलेलं. मग हा ताप आला कुठून?

दुपारी ती घरी आली तेव्हा आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. चंद्रकलाबाई, वय बासष्ट. वसतिगृहातल्या मुली त्यांना कलामावशी म्हणायच्या. नवरा वारल्यापासून, म्हणजे सात वर्षं, त्या रोज सकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात राबायला जात. कुणी सांगितलं नव्हतं, पगारही नव्हता.

"आजच्या आज तिच्या आईला आणायला गाडी पाठवा म्हणावं," त्या वळून न बघता म्हणाल्या. "लेकराचं तोंड तरी बघू दे. आपला मयूर गेला तेव्हा मी उशाशी होते. त्या बाईला तेवढंसुद्धा नाही."

मयूर हा मोनालीचा धाकटा भाऊ. दोन हजार अकरा साली गावात अशीच तापाची साथ आली. सव्वीस जण आजारी पडले, चौघं दगावले. त्यात आठ वर्षांचा मयूर होता. मोनाली तेव्हा अकरा वर्षांची होती. या खात्यात ती आली ती त्यामुळेच.

*

पायल गेली त्याच वर्षी सरकारनं छोट्या नगरपरिषदांना 'जलसाक्षी' नावाचं यंत्र दिलं होतं. लोक त्याला गटारातला डॉक्टर म्हणत. जाड पोलादी नळ्या भुयारी गटाराच्या मुख्य चेंबरांमध्ये टांगलेल्या असत आणि वाहत्या सांडपाण्यातले जंतू वाचत. वाचत म्हणजे अक्षरशः वाचत. प्रत्येक जंतूच्या पोटात त्याची जनुकांची पोथी असते. विषमज्वराच्या जंतूची पोथी सुमारे अठ्ठेचाळीस लाख अक्षरांची. जंतू वाढतो तेव्हा ही पोथी पुन्हा पुन्हा नकलली जाते आणि नकल करणाऱ्याच्या हातून होते तशी एखादी चूक होते. साधारण वर्ष-दोन वर्षांत एक अक्षर बदलतं. दोन जंतूंच्या पोथ्या शेजारी ठेवल्या, वेगळी अक्षरं मोजली, की कोण कुणापासून निघालं आणि किती वर्षांपूर्वी, हे कळतं.

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत हे वाचन डॉ. फरहान काझी बघत. बुधवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"मॅडम, एक विचित्र गोष्ट आहे. वसतिगृहाच्या गटारात जे जंतू सापडले, ते लेकी आहेत. त्यांची आई तिथं नाही. आई गावात दुसरीकडेच कुठंतरी राहतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे मुलींना जिथून लागण झाली तो मूळ जंतू मला मुख्य वाहिनीत दिसतोय, पण तो सहा नंबर वॉर्डातून येतोय. कुणीतरी वाहक आहे. माणूस धडधाकट असतो, ताप नाही, काही नाही. जंतू पित्ताशयातल्या खड्यांवर थर करून बसलेला असतो. वर्षानुवर्षं. मधूनमधून बाहेर पडतो."

सहा नंबर वॉर्ड मोनालीचाच होता. त्यात चौदाशे घरं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट ओळखीचा भाग, काम सोपं.

बाळू घोडके हा गटार विभागातला जुना माणूस. लोखंडी आकडा घेऊन तो पुढं, थर्मासएवढं फिरतं यंत्र घेऊन मोनाली मागं. एक झाकण उचलायचं, नमुना घ्यायचा, पाऊण तास थांबायचं. दोन वाहिन्या मिळतात तिथं दोन्हींचा नमुना. ज्या वाहिनीत जंतू, तिकडं वळायचं. नदीच्या उगमाकडं चालत जावं तसं. गुरुवारी दुपारपर्यंत त्यांनी बाजारपेठ मागं टाकली, शाळा मागं टाकली, दत्तमंदिराचा कोपरा ओलांडला.

चेंबर नंबर सतराचं झाकण उचलता उचलता बाळू हसला.

"मॅडम, हे तर तुमच्याच दारात आलं की!"

यंत्रावर लाल रेघ उमटली. पुढच्या चेंबरमध्ये काहीच नव्हतं. सतरामध्ये चार घरांचं सांडपाणी येत होतं. दळवी, शेख, कुलथे आणि बिडवे.

मोनालीनं मनातल्या मनात कुलथे आजोबांवर बोट ठेवलं. त्यांचं पोट सतत बिघडलेलं असायचं. तिनं चारही घरांच्या वाहिन्यांना वेगळ्या नळ्या लावल्या आणि दोन दिवस वाट पाहिली. दळव्यांकडं काही नाही. शेखांकडं काही नाही. कुलथे आजोबाही स्वच्छ.

शनिवारी ती यंत्रासमोर किती वेळ उभी होती, तिला आठवत नाही. बाळूनं विचारलं, "कुणाचं निघालं?" ती म्हणाली, "बघू." तिला आधी वाटलं, आपणच. सोळा वर्षं गटारं आणि उकिरडे तुडवतोय, आपल्यालाच लागलं असणार. या विचारानं तिला बरंसुद्धा वाटलं. तिनं स्वतःचा नमुना दिला आणि देवाजवळ मागावं तसं मागितलं की माझ्यातच निघू दे.

तिच्यात काही नव्हतं. घरात दुसरं माणूस एकच होतं.

*

सोमवारी फरहान काझींचा पुन्हा फोन आला. त्यांचा आवाज उत्साहानं भरलेला होता. बिचाऱ्यांना कुणाचं घर ते ठाऊक नव्हतं. यंत्र त्यांना फक्त क्रमांक दाखवायचं. घर कुणाचं, हे निरीक्षकानं सही करून कळवेपर्यंत झाकलेलं राहायचं.

"मॅडम, घर सापडलं ना? अभिनंदन! आणि ऐका, हा जंतू साधा नाही. मी त्याची पोथी जुन्या नमुन्यांशी ताडून बघितली. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शीतपेटीत अनेक वर्षांपूर्वीच्या साथींचे नमुने आहेत. तुमच्या गावची अकरा सालची साथ आणि आत्ताची साथ, दोन्हींचा उगम एक. सत्तावीस वर्षं एकाच माणसाच्या पोटात राहिलेला जंतू आहे हा. मधल्या काळातल्या सात सुट्या केसेससुद्धा याच झाडाच्या फांद्या आहेत."

मोनालीनं टेबलावरची वही मिटली.

"अकरा सालचा सगळ्यात पहिला नमुना तर वाहकाच्या अगदी जवळचा आहे. मधल्या वर्षांत बदललेली अक्षरं सोडली, तर एकाचाही फरक नाही. म्हणजे थेट त्याच माणसाच्या हातून लागण. बहुतेक घरातलंच मूल असावं. थांबा, नाव आहे इथं. मयूर बिड..."

आवाज तुटला.

"मॅडम," फरहान हळूच म्हणाले, "तुमचे कोण?"

"भाऊ," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बाहेर कुणीतरी जन्मदाखल्यातल्या चुकीवरून कारकुनाशी हुज्जत घालत होतं. मोनालीला ते शब्द ऐकू येत होते, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. तिला आठवलं, दहा सालच्या दिवाळीत आईला मुदतीचा ताप आला होता. महिनाभर अंथरुणाला खिळली, मग बरी झाली. तेव्हा आई घरातच खाणावळ चालवायची. पुढच्या उन्हाळ्यात साथ आली. कच्चं, गार, हातानं कालवलेलं असं काय काय असायचं ताटात, कोशिंबीर, चटणी, कैरीचं पन्हं. शिजलेल्या अन्नात जंतू मरतो, म्हणून मधली वर्षं निभावली. आणि यंदा होळीपासून आईनं वसतिगृहातल्या मुलींना दुपारचं ताक द्यायला सुरुवात केली होती. मोठं पातेलं. रवीनं घुसळून, वर हातानं कोथिंबीर चुरून.

अहवालाचा नमुना पडद्यावर उघडा होता. खाली दोनच पर्याय होते. 'वाहक निश्चित' आणि 'अनिर्णित'. चोवीस तासांत एक निवडायचा होता.

मयूर गेल्यावर आई दोन वर्षं कुणाशी बोलत नव्हती. त्या मौनातून ती कशी बाहेर आली, हे मोनालीनं पाहिलं होतं. त्या बाईला जाऊन हे सांगायचं?

मोनालीनं 'अनिर्णित' निवडलं आणि सही केली.

घरी जाऊन तिनं आईला सांगितलं, "तुझ्या पित्ताशयात खडे असावेत, शुक्रवारी जिल्ह्याला जाऊन काढून घेऊ. तोवर वसतिगृहात जायचं नाही, कशाला हात लावायचा नाही." खडे काढले की जंतूचं घरच मोडतं. आई बरी होईल, साथ थांबेल आणि कुणाला काही कळणार नाही. हिशेब तिला बिनचूक वाटला.

"माझं पोट कुठं दुखतंय?" चंद्रकलाबाई म्हणाल्या. "कोण म्हणालं खडे आहेत?"

"मी म्हणते ना."

त्यांनी लेकीकडं निरखून पाहिलं.

*

साथीत मूल दगावलेलं, मंत्र्यांचा फोन आलेला आणि अहवाल 'अनिर्णित'. अशा वेळी कुणालातरी जबाबदार धरावं लागतं. मुख्याधिकाऱ्यांनी बुधवारी वसतिगृहाच्या पाण्याची टाकी सील केली आणि टाकीवरच्या माणसाला, अंकुश साबळेला, निलंबित केलं. टाकी धुतली नाही, असा ठपका. ती टाकी स्वच्छ असल्याचा मोनालीचाच तीनदा दिलेला अहवाल फाइलीत होता. तो कुणी उघडला नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आईच्या कानावर सगळं गेलेलं होतं. त्या दाराच्या पायरीवरच बसल्या होत्या.

"बरं झालं. अशा माणसाला फासावर द्यायला पाहिजे. त्या सुदामसारखाच निघाला हा मेला!"

सुदाम हा अकरा सालचा पाणी सोडणारा वॉल्व्हमन. गल्लीतली पाइप गटाराजवळ फुटकी सापडली होती. मोनालीच्या वडिलांनी चौकात त्याची कॉलर धरली होती. त्याची नोकरी गेली, आणि दोन वर्षांनी तो गाव सोडून गेला. कुठं, कुणालाच ठाऊक नाही.

"आई, त्याला काही म्हणू नकोस."

"का म्हणू नको? माझं लेकरू खाल्लं त्यानं! आता यानं त्या पायलला..."

"आई, सुदामनं काही केलं नव्हतं. अंकुशनंही नाही."

"मग कुणी केलं?"

मोनाली आईशेजारी पायरीवर बसली. तिला वाटलं होतं, वेळ आली की शब्द सापडतील. एकही सापडला नाही. ती नुसती आईकडं बघत राहिली.

चंद्रकलाबाईंनी आधी तिच्याकडं बघितलं, मग समोरच्या चेंबरकडं. तिथं लावलेली नळी अजून निघाली नव्हती. आठवडाभर बाळू आणि मोनाली तिथं काय करत होते, ते त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. लेकीनं अचानक स्वयंपाक हातात घेतला होता. हात लावू नको म्हणाली होती. खडे आहेत म्हणाली होती.

"आपल्या घरातून?" त्यांनी विचारलं.

मोनालीनं मान हलवली.

"माझ्यातून."

"तुला कसं कळणार होतं, आई? कुणालाच कळत नाही. ताप येत नाही, दुखत नाही..."

"पायलला माझ्यातून."

"हो."

समोरून कुलथे आजोबा गेले, हात वर करून काहीतरी म्हणाले.

"आणि मयूर?"

मोनालीला खोटं बोलता आलं असतं. फरहान सोडून जगात कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. आईला तेवढं पुरलं.

त्या ओरडल्या नाहीत. उठल्या, घरात गेल्या, मोरीत जाऊन नळ सोडला आणि साबण घेऊन हात धुवायला लागल्या. मोनाली दारात उभी राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मनगटं लाल झाली तरी त्या थांबेनात. शेवटी मोनालीनं नळ बंद केला आणि आईला मागून घट्ट धरलं. एवढ्याशा देहात इतका जोर कुठून आला होता, कोण जाणे.

"मी भरवायचे गं त्याला," त्या म्हणाल्या. "आठ वर्षांचा घोडा झाला तरी माझ्याच हातून खायचा. ताप होता तेव्हासुद्धा... मऊ भात कालवून... मीच..."

त्यानंतर कितीतरी वेळ घरात फक्त त्यांचा आवाज होता. त्याला रडणं म्हणता आलं नसतं.

सकाळी मोनाली उठली तेव्हा चंद्रकलाबाई लुगडं नेसून, केस विंचरून खुर्चीत बसल्या होत्या. डोळे सुजलेले, पण चेहरा थिजलेला.

"तू कागदावर काय लिहिलंस?"

"अनिर्णित."

"म्हणजे?"

"म्हणजे सापडलं नाही."

"आणि अंकुशचं काय?"

मोनालीनं अंथरूण गोळा करायला घेतलं.

"तुझ्या बापानं एका माणसाचं घर उठवलं. त्याला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. तुला ठाऊक आहे, मोने." त्यांनी पदर सावरला. "जा. कागद बदल. नाव माझं लिही, पूर्ण लिही."

"लोक काय करतील, माहितीये का तुला?"

"करू दे."

*

लोकांनी जे करायचं ते केलं. दोन वृत्तवाहिन्यांचे वार्ताहर आले. दारावर कुणीतरी शेण फेकलं. वसतिगृहातल्या ज्या बायका कलामावशी म्हणून गळ्यात पडायच्या, त्यांनी रस्ता बदलला. शेखांच्या घरातून मात्र रोज डबा यायचा. शेखभाभी दारात उभ्या राहून तो रिकामा होईपर्यंत हलत नसत. अंकुश साबळे कामावर रुजू झाला. जिल्ह्याच्या दवाखान्यात चंद्रकलाबाईंचं पित्ताशय काढलं. आत हरभऱ्याएवढे नऊ खडे होते. पुढच्या तिन्ही तपासण्या स्वच्छ आल्या.

खोटा अहवाल दिला म्हणून मोनालीची चौकशी लागली. निरीक्षकाचं काम काढून घेऊन तिला जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर बसवलं.

वैशाखात साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, मजूर गावोगाव परतले. एका दुपारी खिडकीसमोर एक जोडपं येऊन उभं राहिलं. उन्हानं रापलेला माणूस, आणि हातभर बांगड्या घातलेली बाई. ते गुलाब राठोड आणि त्याची बायको शेवंता होते. मुलीला शेवटचं पोचवायला त्यांना एकच दिवस मिळाला होता. मृत्यूचा दाखला राहिला होता.

मोनालीनं नोंदवही उघडली. तिला अक्षरं दिसेनात. तिनं बाळूला हळूच सांगून घरी निरोप पाठवला. ही माणसं येतील त्या दिवशी मला बोलाव, असं आईनं बजावून ठेवलं होतं.

चंद्रकलाबाई आल्या, त्या धापा टाकतच. ऑफिसच्या व्हरांड्यात शेवंता भिंतीला टेकून बसली होती. त्या तिच्यासमोर फरशीवर बसल्या.

"मी चंद्रकला बिडवे. माझ्यातूनच तुमच्या पायलला..."

"ठाऊक आहे," गुलाब म्हणाला. त्यानं तोंड फिरवलं. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या. "तुम्हाला माहीत होतं का?"

"नाही."

"मग आता काय बोलायचं?" असं म्हणून तो व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

शेवंता मात्र त्यांच्याकडं एकटक बघत होती. तिचा चेहरा वाचता येत नव्हता. मोनाली खिडकीमागून उठून दारात आली. काही वाईट घडलं तर मध्ये पडावं म्हणून.

"तूच का कलामावशी?" शेवंतानं विचारलं. "फोनवर सांगायची. मला म्हणायची, याडी, इथं एक मावशी आहे, दुसऱ्यांदा ताक मागितलं तरी रागवत नाही."

चंद्रकलाबाईंनी मान हलवली.

"शेवटी, ताप यायच्या आधी... मागितलं होतं का तिनं दुसऱ्यांदा?"

आता ही नाही म्हणेल, असं मोनालीला वाटलं. नाही म्हणावं, असंही वाटलं.

"हो," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "रोज मागायची. मी दिलं."

शेवंतानं डोळे मिटले. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "म्हणजे उपाशी नव्हती."

ती उठली, खिडकीशी गेली आणि दाखल्यावर अंगठा देण्यासाठी हात पुढं केला.